पाणी प्या, काकू

कमलकाकू क्रिकेटची एकही मॅच चुकवत नसत आणि एकही मॅच बघत नसत. घरातला टीव्ही चालू करायचा, आवाज मोठा करायचा आणि आपण मागच्या दाराने निघून चक्कीवर जाऊन बसायचं, अशी त्यांची रीत. वडनेर भोलजीत त्यांची पिठाची चक्की होती. तिच्या घरघरीत टीव्हीचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, आणि म्हणूनच त्या तिथे बसत. मग फोन तोंडाजवळ धरून आमच्या ग्रुपवर विचारत, "सांगा बापा, काय होऊन राह्यलं तिकडे? पण हळू सांगा."

हा ग्रुप देऊळघाटच्या गजाननने काढला होता. गजाननचं बी-बियाणांचं दुकान आणि तोंड अखंड चालू. ग्रुपमध्ये माणसं दोनशे, बोलणारी पंधरा-वीस, आणि त्यात बायका दोनच, मी आणि काकू. मी मलकापूरला रक्त-लघवी तपासण्याच्या एका लॅबमध्ये काम करते. मॅच असली की आमच्या गप्पांना ऊत यायचा. कोणाला आधी पाठवायला हवं होतं, कोणाला घरी बसवायला हवं, कुणाकडे दुपारी काय भाजी झाली, कुणाची म्हैस व्यायली. काकू आल्या त्या दिवसापर्यंत यात शिव्याही भरपूर असत. त्यांचा पहिला आवाज आला तो असा: "मी वडनेरची कमल. मले पोरानं इथं टाकलं. तुमी चालू द्या. पण शिव्या जरा कमी द्या, माह्या चक्कीवर लहान लेकरं येतात." त्या दिवसापासून गजाननसुद्धा पंचांना 'अहो' म्हणू लागला.

काकू लिहीत नसत. लिहिता येत होतं, पण हाताला सदा पीठ, आणि पिठाच्या बोटाला फोन दाद देत नाही. त्यामुळे त्यांचं सगळं बोलून चालायचं आणि मागे चक्कीचा पट्टा फटफटत असायचा. एखादं वाक्य मध्येच तुटे, "थांब व, गहू बारीक का जाड?" असं गिऱ्हाइकाला विचारून झालं की पुन्हा सुरू. आम्हाला त्या गिऱ्हाइकांची नावंही पाठ झाली होती.

बाई भित्री होती. हे मी प्रेमाने म्हणते आहे, पण खरं आहे ते खरं आहे. आपण पाहिलं की विकेट पडते, असं त्यांनी तरुणपणी कधीतरी मनाशी धरलं ते धरलंच. मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्या ज्वारीच्या पोत्यांमागे बसून होत्या आणि शेजारणीने येऊन सांगितल्यावरच बाहेर आल्या. घरात आलेलं बंद पाकीट त्यांनी आयुष्यात स्वतः फोडलं नव्हतं. "मले पाहवत नाही अन् सोडवतही नाही," असं त्या मॅचबद्दल म्हणत, पण मला वाटतं, ते सगळ्याबद्दलच होतं. गजानन त्यांना चिडवायचा, "काकू, एवढं भेव लागते तं मॅचचा नाद सोडून द्या ना." त्यावर काकू म्हणत, "भेव लागते म्हणूनच तं ते आपलं हाये. परक्याच्या मॅचचं कोणाले भेव लागते?"

एकदा आपला चांगला जमलेला फलंदाज शतकाच्या तोंडाशी गेला आणि ग्रुपवर कुणीतरी सरळ लिहिलं, औट. काकूंना चक्कीवरच चक्कर आली. त्या सावरेपर्यंत एका बाईची ज्वारी दुसरीच्या गव्हात जाऊन पडली होती, आणि दोघी बायका मिश्र पीठ घेऊन भांडत घरी गेल्या. तेव्हा गजाननने नियम केला. विकेट पडली की आधी लिहायचं, 'पाणी प्या, काकू'. मग एक मिनिट थांबायचं. काकू खरोखर पाणी पीत आणि बोलत, "पेली. आता सांगा." मग बातमी. यात सगळ्यांना मजा वाटू लागली. गजाननच्या मेव्हण्याचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हा तोही आधी 'पाणी प्या मंडळी' लिहून एक मिनिट थांबला होता. वाईट काही सांगायचं तर आधी पाणी, आणि पाण्याचं नाव निघालं नाही तर सगळं ठीक, हे आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आमची सगळ्यात मोठी चूक त्यातूनच झाली. आमची कशाला, माझी.

एका दुपारी मॅचबिच काही नसताना काकूंनी मला एकटीला एका कागदाचा फोटो पाठवला. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचा अंगठा उठला होता. खाली त्यांचा आवाज. या वेळी मागे चक्की चालू नव्हती.

"वर्षा, व माय, माह्या काखेत गाठ होती, सुपारीएवढी. बुलढाण्याले दाखवली. त्यायनं तुकडा काढून तपासाले पाठवला होता, त्याचा हा कागद आला. इंग्रजीत हाये. डॉक्टर म्हणे घेऊन या. पोराले मी अजून सांगतलं नाही. तू अशा कागदाचंच काम करते, तं आधी तू वाच. वाईट असन तं पाणी प्या म्हण. मी तांब्या घेऊनच बसली हाओ."

मी कागद तीनदा वाचला. तिन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. 'पाणी प्या, काकू' असं मी लिहिलं. पाठवायच्या खुणेवर बोट धरून बसले. तिकडे एक बाई तांब्या घेऊन बसली आहे, हे डोळ्यांपुढून जाईना. मग मी ते पुसलं. असलं सांगणं आपलं काम नाही, डॉक्टरांचं आहे, असं स्वतःला सांगितलं. लॅबचा तसा नियमही आहे. पण नियम मला नंतर आठवला, भीती आधी वाटली होती. मी लिहिलं, 'काकू, कागद डॉक्टरांना दाखवा. ते नीट समजावून सांगतील. काळजी करू नका.'

लगेच उत्तर आलं. "जीव भांड्यात पडला व माय." आणि मागे चक्की सुरू झाल्याचा आवाज.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी फोन पालथा ठेवला आणि कामाला लागले. त्या जातील, डॉक्टर सांगतील, पोराला कळेल, पुढचं पुढे होईल, असं धरून चालले. पाच आठवडे गेले. या पाच आठवड्यांत काकू ग्रुपवर नेहमीसारख्या बोलत होत्या, हसत होत्या. मी रोज एकदा त्यांचं नाव उघडायची, 'डॉक्टर काय म्हणाले' एवढं विचारण्यासाठी, आणि न विचारताच बंद करायची. वाटायचं, विचारलं तर त्या सांगतील. त्यांनी सांगितलं तर ऐकावं लागेल. त्यांना भित्री म्हणून हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे असे.

मग एका रविवारी सकाळी मॅच चालू असताना गजाननने भरीत पार्टीचं काढलं. त्याच्या शेतात, काड्यांवर वांगी भाजून, थंडी आहे तोवर. तो म्हणाला, "काकू, तुमी याच. पण तब्येत सांभायून या, मागं दवाखान्यात गेल्त्या म्हणे."

काकू म्हणाल्या, "मले काय धाड भरली बे? मी ठणठणीत हाओ. गाठीच्या कागदात कायबी निघालं नाही. वर्षाले विचारा. तिनं वाचला, अन् पाणी प्या म्हटलंच नाही. म्या तं दवाखान्याचा नादच सोडला."

खाली टाळ्यांची रांग लागली. देऊळघाट, धामणगाव, मोताळा, जिकडून तिकडून टाळ्या. मी चुलीपुढे बसावं तशी गरम झाले आणि लगेच गार पडले. मी काही वाईट सांगितलं नव्हतं. न सांगणं म्हणजेच सगळं ठीक, हा नियम आम्हीच केला होता, आणि काकूंनी तो आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त इमानाने पाळला होता.

फोन करून सांगावं इतकीही हिंमत नव्हती, आणि फोनवर पुन्हा माझी जीभ वळली नाही तर काय, याचीही भीती होती. मी तशीच उठून स्टँडवर गेले आणि नांदुऱ्याकडे जाणारी पहिली गाडी धरली. वडनेर काही लांब नाही. पण त्या दिवशी गाडी वाटेत प्रत्येक हात दाखवणाऱ्यासाठी थांबली, आणि दर थांब्याला मला वाटे, उतरावं आणि परत जावं.

काकूंना मी प्रत्यक्ष कधी पाहिलंच नव्हतं. चक्कीच्या दारात ठेंगणीशी बाई उभी होती, भुवया पिठाने पांढऱ्या, डोक्याला जुना रुमाल. मी नाव सांगितलं. त्या हसल्या, माझा हात धरायला पुढे आल्या आणि माझं तोंड बघून थांबल्या. पट्टा फटफटत होता. मी मोठ्याने ओरडून म्हणाले, कारण त्याशिवाय ऐकू गेलं नसतं, "काकू, आधी पाणी प्या."

त्यांनी बटण दाबून चक्की बंद केली. अचानक शांत झालं आणि घरातून टीव्हीचा आवाज येऊ लागला, लोकांचा गलका, बोलणाऱ्याची घाई. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी तांब्या भरला, सगळा प्यायल्या आणि रुमालाने तोंड पुसलं.

"पेली," त्या म्हणाल्या. "सांग."

मी सांगितलं. त्या कागदावरचा एक शब्द, त्याचा अर्थ, आणि आजच्या आज पोराला सांगून उद्या निघावं लागेल, हे सगळं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"कागद पाठवला तेव्हापासून. पाच आठवडे."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

"भ्याले, काकू."

त्या पोत्यावर बसल्या. बराच वेळ हातावरचं पीठ झाडत राहिल्या. आता त्या काय म्हणतील याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी पुन्हा कधी वाटली नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मीबी भेली. नाही तं कागद घेऊन डॉक्टरकडंच नसती गेली? मले तुह्या तोंडून 'काही नाही' ऐकाचं होतं, म्हणून तुले पाठवलं. दोघीच्या भेण्यात पाच हप्ते गेले." मग उठल्या. "चाल आत. ज्योतीले चहा ठेवाले सांगतो."

ज्योती त्यांची सून. तिला आणि मुलाला काकूंनी माझ्यासमोरच सांगितलं, एका दमात. मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. मग काकू टीव्हीपुढे बसल्या, बहुधा पहिल्यांदाच. आपला फलंदाज पुढे आला, फसला, दांडी उडाली. मी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नव्हते. पदराचं टोक मात्र मुठीत घट्ट धरलं होतं.

अकोल्याला ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही झाले. त्या पाच आठवड्यांनी काय बिघडलं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. एकदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते आणि परत आले.

डोक्यावरचे केस गेल्यावर काकूंनी ग्रुपवर जाहीर केलं, "आजपासून पाणी-गिनी बंद. औट तं औट, सरळ सांगाचं. अन् सांगाले कोणी पायजेच कायले, मी सोता पाहून राह्यली." आणि खरंच बघू लागल्या. भीती गेली असं नाही. शेवटच्या षटकांत त्यांचा श्वास फोनमध्ये ऐकू यायचा. "लय भेव लागून राह्यलं व माय," त्या म्हणत, आणि बघत राहत. पुढच्या हिवाळ्यात गजाननच्या शेतात भरीत झालं, तेव्हा सगळ्यांच्या भाकरीचं पीठ त्यांनी स्वतः दळून आणलं होतं. गजाननला पहिल्यांदा बघून म्हणाल्या, "आवाजावरून तू उंच वाटे बे."

त्यानंतर आणखी एक हिवाळा त्यांना मिळाला. दुखणं परत आलं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, सरळ.

मी अजूनही लॅबमध्येच आहे. कागद न्यायला आलेलं माणूस माझ्या तोंडाकडे बघतं. मी अर्थ सांगत नाही, तो सांगणं माझं काम नाही. पण ज्याला घाई करायला हवी त्याला "आजच दाखवा" म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून गेलात का ते विचारते. विचारताना दर वेळी छाती धडधडते.

ज्योतीचा निरोप ग्रुपवर आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्यात लिहिलं होतं, 'आई आज पहाटे गेल्या. आधी काही लिहू नको, सरळ सांग, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.'

मी तो निरोप शेवटपर्यंत वाचला. मग उठून माठाकडे गेले, पेला भरला आणि हातात धरून उभी राहिले. पाणी पी म्हणणारं कुणी नव्हतं.