पाण्याच्या उजवीकडचा दोन

औरंगाबादेत आत्याकडं राहून मी आधी उर्दू शाळेत शिकले. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाली, आणि उजवीकडून डावीकडं धावणारी ही घोडी उलटी फिरवावी लागली. अक्षरं वळली. आकडे मात्र अडून बसले.

मॅट्रिकच्या वर्षी सहामाहीला रसायनात भोपळा मिळाला. पाचोडहून दादा, म्हणजे माझे वडील, आले. आत्याला म्हणाले, "मॅट्रिक झाली तर शिकंल पुढं. नाय तर पाहुणे तयारच हायेत." माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मी मोठी शहाणी! आपलं चुकतंय काय ते ठाऊक नाही, तरी आणखी जोरात घोकायला लागले.

मास्तर पुण्याकडचे. गंधकाम्ल आणि कॉस्टिक सोड्याचं समीकरण सोडवायला त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं. दोन्हीकडचे अणू मी बोटांवर मोजले, जुळवले आणि ऐटीत मागं सरले.

"हे काय? पाणी व्हायला हवं. तू तर हायड्रोजन पेरॉक्साइड केलंस!"

"नाय सर, दोन पाणी हायेत."

"कुठं? वाच."

मी उजवीकडनं बोट ठेवलं. "दोन... पाणी."

वर्ग खदखदून हसला. उर्दूत आधीचा शब्द उजवीकडं येतो. म्हणून H₂O च्या आधी हवा तो दोन मी त्याच्या उजव्या अंगाला बसवला होता. झालं H₂O₂!

मास्तर हसले नाहीत, त्यानं जास्त धास्ती वाटली. म्हणाले, "पोरी, हिशोब बरोबर आहे. पण बोर्डाचा तपासणारा तुझं बोट बघायला येणार नाही."

पुढं सराव लई केला. पण जरा घाई झाली की हात उजवीकडं. परीक्षेत नेमकं तसलंच समीकरण आलं. दोन कोणत्या अंगाला लिहिला, ते आत्याच्या दारापर्यंत येताना आठवेना.

सुट्टीत पाचोडला पाहुणे येऊन गेले. त्यांनी मला चालवलं, बोलवलं, वेणी सोडून बघितली. मुलगा कसा होता, विचारू नका. मान वर करायची सोय नव्हती.

निकाल लागला. पास. दादांनी पाहुण्यांना सांगितलं, "थांबावं लागंल." नकार नव्हे, थांबावं लागंल. म्हणजे तोवर मी पुढं शिकणार.

मी गोठ्यात जाऊन हमसाहमशी रडले. नापास झालेली पोरं रडतात. पास होऊन गाईला भेदरवणारी ही बावळट गावात पहिलीच असावी.