जन्मतःच टोचलेला कान

कान-नाक-घशाच्या ओपीडीत औषधांचा स्टॉक संपतो, किस्से मात्र साचतच जातात. चेन्नईत शिकून मी केडगावला परत आले, तेव्हा एक ठरवलं होतं. कानाजवळ जन्मतः छिद्र असलेल्या कुणालाही "फोड आहे, कापून टाकू" म्हणून वाटेला लावायचं नाही. सगळं नीट समजावून सांगायचं! मग काय, लोकही मला समजावू लागले.

*

नेवाशाहून एक आजोबा नातीला घेऊन आले. कानाच्या पुढे बारीक छिद्र, त्यात सोन्याची चमकी आणि भोवती ही सूज!

"आजोबा, इथे कशी घातली चमकी?"

"देवानंच टोचून धाडलंय म्हणल्यावर सोनाराला कशाला तरास द्यायचा!"

*

एका मुलाच्या मानेवर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी, तसंच छिद्र होतं. सोबत आई, वडील आणि आजी. आजींनी सुनेकडे बोट केलं, "हिनं गिऱ्हानात भाजी चिरली व्हती!"

मी कागदावर चित्र काढलं. गर्भात कान आणि मान घडताना फटी असतात, त्या पुढे मिटतात. एखादी मिटायची राहून जाते. त्यात आईचा काहीही दोष नसतो. शेवटी जोशात म्हणाले, "आईकडूनच येतं असं नाही, वडिलांकडूनही येऊ शकतं!"

आजी विचारात पडल्या. मग आपल्या मुलाकडे, म्हणजे मुलाच्या बापाकडे, वळून म्हणाल्या, "तू काय चिरलं व्हतं रं?"

*

तिसगावची पूजा नुकतीच लग्न झालेली. तिच्या कानाखालचं छिद्र सारखं वाहायचं. फोड समजून आधी ते अनेकदा कापलेलं, आणि दरवेळी पुन्हा भरलेलं. नवरा ऊसतोडीला गेलेला, म्हणून सासरे सोबत आले होते.

मी सांगितलं, "ही वाट आत कानाच्या नळीपर्यंत जाते. ती पूर्ण काढली तरच सुटका. पण चेहरा हलवणारी नस तिला खेटूनच असते."

"तोंड वाकडं न्हाई ना व्हनार?" पूजाने हळूच विचारलं.

"नस जपीन. पण धोका आहे, खोटं सांगणार नाही."

ऑपरेशनमध्ये आधी नस शोधली, मग ती वाट सोडवत कानापर्यंत गेले आणि सगळी काढली. पूजा पूर्ण शुद्धीवर येऊन वॉर्डात आल्यावर मी तपासायला गेले. सोबत आमचे भूलतज्ज्ञ सर.

"भुवया वर कर." केल्या. "डोळे घट्ट मिट." मिटले.

"आता हस. दात दाखव."

काहीच नाही! ओठ जागचे हलेनात.

सर माझ्या कानाशी कुजबुजले, "ऑपरेशन एका बाजूचं, अन् बंद दोन्ही बाजू? हे नवीनच!"

मी खाली वाकले. "पूजा, हसता येत नाहीये का गं?"

तिने डोळ्यांनीच कोपरा दाखवला. "मामंजी बसल्यात ना तिथं."

सासऱ्यांनी ते ऐकलं. मला वाटलं, आता उठून बाहेर जातील. ते जागचे हलले नाहीत. डोक्यावरची टोपी त्यांनी खाली ओढली, पार नाकापर्यंत.

"हां बाई," टोपीच्या आतून आवाज आला, "हास आता."