गैबीचाचांच्या घाण्यावरचं हरित डिझेल

देशाला इंधनात स्वयंपूर्ण करायची जबाबदारी हातकणंगल्याच्या गैबीचाचांवर कशी येऊन पडली, हे त्यांनाही कधी उमगलं नाही. बिचारे पस्तीस वर्षं विजेच्या घाण्यावर शेंगतेल गाळत होते. गिऱ्हाईक बाई शेंगदाण्याचं पोतं आणते, सोबत भाकरी आणते, ताजं कोमट तेल चटणीवर घेऊन तिथंच खाते आणि मगच डबा उचलते. भाकरी गोड लागली की चाचा पास. एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

मग कॉलेजातून पृथ्वीराजसर आले. रस्त्याकडेला वाया जाणाऱ्या करंजाच्या बियांचं डिझेल करायचं होतं. कॉलेजकडे घाणा नव्हता, प्रकल्पाची पाटी मात्र तयार होती. करंज कडू असतं, अशी शंका चाचांनी काढली. नंतर भुसा फिरवला की घाणा स्वच्छ होतो, असं सरांनी ठणकावून सांगितलं. त्यांनी जन्मात कधी घाणा धुतला नव्हता, म्हणून तर एवढी खात्री.

चार पोती बिया गाळल्या. कॉलेजात रसायनं घालून त्या तेलाचं डिझेल झालं. उद्घाटनाला ते सरांच्या मोटारीत घालता आलं नाही, कारण मोटार वॉरंटीत होती. चाचांचं विहिरीवरचं इंजिन वॉरंटीत नव्हतं. ते धडधडत चाललं, हे मात्र कबूल करायला हवं. फोटोत चाचांचा फक्त हात आला, तोही कोपरापर्यंत.

चाचांनी भुसा दोनदा फिरवला, पेंड तीनदा. मग शेजारच्या गल्लीतली आक्का दिवाळीचं पोतं घेऊन आली. सर्दीनं तिला आठ दिवस ना चव, ना वास. तेल पडलं. चाचांनी बोट बुडवून जिभेला लावलं. कडू. त्यांच्या बायकोनं, चाँदबीनं, गप्प बसायची खूण केली. दिवाळी तोंडावर होती, आणि आक्काला कळलं म्हणजे गावाला कळलं.

“आक्का, खाऊ नगंस,” चाचा म्हणाले. “कडू झालंया. करंजाचं हाय. माझी चूक.”

घरातला तेलाचा डबा त्यांनी तिला दिला. तिनंही इमानदारीत गावभर सांगितलं. ऐन दिवाळीत बाया चाचांच्या दारावरून पोती घेऊन पुढच्या घाण्यावर जात होत्या. चाचा घाण्याचा एकेक भाग खोलून सोड्याच्या गरम पाण्यानं घासत बसले. तिकडं सरांच्या अहवालात ‘यंत्रावर कोणताही विपरीत परिणाम नाही’ असं छापून आलं. ते वाचून चाचांच्या शेजारी राहणाऱ्या माझं डोकं फिरलं. सरांनी आणखी पाच पोती बिया पाठवल्या. चाचांनी त्याच टेम्पोनं परत धाडल्या.

दिवाळी सरली आणि आक्का पोतं घेऊन दारात उभी. पुढचा घाणा बंद आहे का, असं चाचांनी विचारलं.

“चालू हाय की. गेलते तिथं,” आक्का म्हणाली. “त्यो म्हणतोय, आमचं त्याल कायम ग्वाडच. मग कडू झाल्यावर मला सांगायचं कुणी?”

चाचांनी पोत्याची गाठ सोडली.