नकाशात हिरवं झालेलं गाव

सरकारला नकाशा विकायचा असेल तर आधी साहेबाला त्याचं स्वतःचं घर दाखवावं लागतं. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन-चारदा तोंडघशी पडल्यावर कळलं. उपग्रहाच्या चित्रावर रस्ते, शाळा, दवाखाने कसे एकावर एक बसवता येतात हे मी जीव तोडून सांगत असायचो, आणि समोरचा साहेब म्हणायचा, "ते असू द्या, आमच्या घराचं छत दिसतं का बघा." छत दिसलं की स्वारी खूश. मग बायकोला फोन, मग आम्हाला चहा. कलबुर्गीतल्या आमच्या छोट्या कंपनीसाठी असले चहा पीत मी बरीच वर्षं काढली.

तरी मी हे काम मनापासून करत होतो. त्याला कारण माझी थोरली बहीण.

अक्काला बसवकल्याण तालुक्याच्या अगदी टोकाच्या एका वाडीत दिलेलं आहे. आमच्या भागात सीमा पाटीवर असते, माणसांच्या डोक्यात नसते. बाजार पलीकडं, सोयरीक दोन्हीकडं, भांडण मराठीत सुरू होऊन कानडीत मिटतं. अक्काच्या वाडीतून बसवकल्याणला यायचं तर रस्ता आधी महाराष्ट्रात शिरतो, तिथली गावं ओलांडतो आणि मग परत कर्नाटकात येतो. सरळ वाट आहे, पण मधल्या ओढ्याला पूल नाही. यात वाडीतल्या कुणाला काही विशेष वाटत नाही. वाटतं ते आजारी पडल्यावर.

अक्काला साखरेचा आजार. तुरीच्या रानात पायाला खुंट लागला आणि जखम चिघळली. पट्टी एक दिवसाआड बदलायची, गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण डॉक्टर बसवकल्याणला आणि वाडीत एसटी येईल तेव्हा येणार. भाऊजींनी एकदा रुग्णवाहिकेला फोन लावला, तर वाडीत मोबाईलला पलीकडचा टॉवर मिळतो, म्हणून फोन पलीकडच्या राज्यात लागला. जिल्हा कोणता? बीदर. मग तुमच्याकडं लावा. पलीकडच्याच सरकारी दवाखान्यात नेलं, तर त्यांनी एकवेळची पट्टी केली, चार गोळ्या दिल्या आणि सांगितलं, पुढचं सगळं तुमच्या भागातल्या केंद्रातून घ्या. भागातलं केंद्रच तर नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या राज्याच्या आरोग्य खात्यानं ठरवलं की नवी आरोग्य उपकेंद्रं कुठं काढायची ते आता आमदारांच्या शिफारशीवर नाही, नकाशावर ठरेल. दोन सीमावर्ती जिल्ह्यांचं काम नमुना म्हणून आमच्याकडं आलं. मला आकाश ठेंगणं झालं. ज्या गावाला दवाखाना लांब ते गाव नकाशात लाल, ज्याला जवळ ते हिरवं, आणि लाल गावांना उपकेंद्र. इतकं सोपं, इतकं सरळ. अक्काला मी सांगून टाकलं, "तुझ्या वाडीत नर्सबाई बसणार बघ."

पहिला नकाशा निघाला तेव्हा अफजलपूरकडची भीमाकाठची गावं लाल, चिटगुप्पा हिरवं, आणि अक्काची वाडी पांढरी. पांढरी म्हणजे हिशेबातच नाही. कारण खात्याकडून आलेले रस्ते राज्याच्या हद्दीवर कात्रीनं कापल्यासारखे संपत होते. वाडीला रस्ताच नाही, मग अंतर कुठून मोजणार? मी हट्टाला पेटलो. राजधानीतल्या बैठकीत खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, "साहेब, आमच्याकडची माणसं सीमेवर थांबत नाहीत. पलीकडचे रस्ते घ्या, नाहीतर अशी गावं दिसणारच नाहीत." असं आमच्या भागातलाच माणूस बोलू शकतो. दुसऱ्या कुणाला पलीकडचे रस्ते आपले वाटलेच नसते.

साहेबांना पटलं. रस्ते जोडले आणि वाडी लालभडक झाली. यादीत पहिल्या पानावर. मी त्या लाल ठिपक्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला.

पुढच्या बैठकीत साहेब पडद्याकडं बघत बसले होते. हुशार माणूस, हे मान्य करायलाच हवं. म्हणाले, "तुमचं म्हणणं आम्ही घेतलं. माणसं सीमेवर थांबत नाहीत. मग दवाखान्यासाठी कशाला थांबतील? पलीकडचे दवाखानेही टाका." बाजूच्या इंजिनियरनं ते तिथंच टाकले. पडदा क्षणभर थांबला आणि वाडी हिरवी झाली. सीमेलगतची इतरही कितीतरी गावं हिरवी झाली. खोलीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. खर्च वाचला होता ना.

मी बोललो. गप्प बसलो असं कुणी म्हणू नये. फोन कुठं लागतो ते सांगितलं, चार गोळ्यांचं सांगितलं, पलीकडच्या दवाखान्यात वाडीतल्यांचं नाव कुठल्याच यादीत चढत नाही हेही सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे नकाशात दाखवता येतं का?"

"नाही."

"मग?"

नकाशात जे दिसत नाही त्यावर जाऊ नका, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, हे त्याच खोलीत मी वर्षभर घसा कोरडा करून सांगत आलो होतो. माझंच शस्त्र त्यांनी फार अदबीनं माझ्या पोटात खुपसलं. वर आमच्या कंपनीला सगळ्या जिल्ह्यांचं काम मिळालं. मालकानं पेढे वाटले. मी घेतला नाही, तर म्हणाला, "साखर वाढलीय की काय?" त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं, पलीकडच्या रस्त्याचीही चाळण झाली, आणि अक्काच्या पट्ट्या राहत गेल्या. बोट काळं पडलं. सोलापूरला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरनं भाऊजींना झापलं, "इतके दिवस काय करत होता?" घोट्याच्या वरून पाय काढला.

ती घरी आल्यावर मी भेटायला गेलो. त्याच आठवड्यात आमच्या नकाशाचं मोठ्या थाटात उद्घाटन झालं होतं. फेटे, हार, भलामोठा पडदा. भाच्यानं मोबाईलवर ते तिला दाखवलं होतं. बाजेवर बसून ती मला म्हणाली, "लई मोठं काम केलास म्हणं. आता आमची वाडी दिसती का सरकारला?"

"दिसती की."

"चांगली दिसती?"

"हिरवीगार."

"मग डागदर कवा यायलाय?"

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण तिच्यासमोर जीभ रेटेना. मी म्हणालो, "अक्का, तिथं असं ठरलंय की तुमच्याकडं डॉक्टर हाय."

मग आत भाकरी थापायला बसलेल्या भाऊजींना तिनं हाक मारली, "ऐकलाव का वं? आपल्याकडं डागदर हाय म्हणं. उगंच सोलापूरला गेलाव आपण."