ज्या शर्टावर पतंग येतात

खंडेनवमीच्या दुपारी मी विळा, खुरपं, कुऱ्हाड धुऊन, कोरडी पुसून पाटावर पूजेला मांडत होते, तेव्हा लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून फोन आला. बोलणारा नुसता धापा टाकत होता. मी म्हटलं, "जिवंत आहे का मेला, तेवढं सांग." तो म्हणाला, "आजी... साहेब गेले." मधुकर, माझा धाकटा भाऊ, स्वतःच्याच कारखान्यात जळाला होता. दवाखान्यात लोक म्हणत होते, पाहू नका. मी पाहिलं. चेहरा उरलाच नव्हता. डाव्या पायाचं वाकडं बोट मात्र शाबूत होतं. लहानपणी त्यावर बैलानं पाय दिला होता. बोटावरून ओळखला आणि सही केली.

आई लवकर गेली म्हणून त्याला मी वाढवलं. मी चौथीपर्यंत शिकले, तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाला. लहानपणी त्यानं चुलीत गंधक टाकलं होतं. साऱ्या घराला ठसका लागला. मी त्याला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीनं हाणलं, काडी मोडेपर्यंत. पोरगा रडला नाही. पाठ चोळत विचारतो, "बाई, जाळ निळा काहून झाला?" असल्या पोराला मारून काय उपयोग! पुढे बरीच वर्षं त्यानं बाहेर रसायनाच्या कंपन्यांत नोकरी केली आणि केस पिकल्यावर परत आला, कारखाना काढायचा म्हणून.

आमच्या मारेगावकडे कपाशीवर फवारतात त्या विषाला सगळे 'औषध' म्हणतात. हा शब्द ऐकला की त्याचं डोकं फिरायचं. फवारून आलेली माणसं डोळे सुजून, ओकत खाटेवर पडायची आणि बायका सांगायच्या, औषध लागलं. मधुकरचं म्हणणं, बोंडअळीला विषानं मारायचं कशाला, तिचा वंशच होऊ देऊ नये. अळीचा पतंग होतो. मादी गंध सोडते आणि त्या गंधावर नर येतो. तो गंध कारखान्यात बनवायचा, रबराच्या बुचात भरायचा आणि सापळ्यात टांगायचा. नर येतो, फसतो, मरतो. मादी वांझ राहते. माणसाच्या नाकाला तो गंध येत नाही. त्या गंधाचे म्हणे दोन जुळे भाऊ असतात, दोघं सारखे मिसळले तरच नर येतो, नाहीतर ढुंकूनही पाहत नाही. हे जमवण्यात त्याची कित्येक वर्षं गेली. मराठीत त्याला कामगंध सापळा म्हणतात. कृषी केंद्राच्या ओट्यावर बसणाऱ्यांना आणखी काय पाहिजे? आमच्या शेजारच्या वावराचा देवराव म्हणायचा, "मधूभाऊ, आमच्यासाठी बी बनवा ना एखांदा. घरातला तं कधीचाच उडून गेला."

पण यंदा आमच्या वावरात सापळे लागले आणि ते मेलेल्या पतंगांनी गच्च भरले, तेव्हा देवरावाचं हसू गेलं. त्याच्या डोक्यात बसलं की मधुकर साऱ्या शिवारातली कीड आमच्या दोघांच्या बांधावर, धुऱ्यावर बोलावून राहिला. चार माणसं घेऊन आला आणि सापळ्यांच्या काठ्या उपटायला लागला. मधुकर मधे गेला. देवरावानं त्याच्या डोक्यात बैलगाडीची उभारी घातली. मधुकर कपाशीत आडवा पडला, बोंडं लाल झाली. मी विळा घेऊन धावले आणि देवरावाच्या मनगटावर हाणला. पातंच हाणणार होते, हातात उलटा आला. दांडा बसला, हाड मोडलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

टाके घातलेलं डोकं घेऊन मधुकर म्हणाला, "देवरावाचं चूक नाही, बाई. एकाच वावरात लावलं तं बाजूच्याले भेव वाटनच. साऱ्या शिवारात लागलं पायजे. अन् याच हंगामात. नाही तं पुढच्या वर्षी कोणी उभं करणार नाही." मग तो दिवसरात्र लोहाऱ्यालाच राहिला. झालेली बुचं थंडीत ठेवावी लागतात, म्हणून माझ्या फ्रीजमध्ये आणून ठेवायचा, दह्याच्या गंजाशेजारी.

हा गंध बनवताना एक काळी भुकटी लागते. ती ओली असेपर्यंत गरीब. कोरडी झाली की आपोआप पेटते. भिंतीवर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ओलं ठेवा. त्याच भीतीनं तो तिथे कधी खंडेनवमी करू देत नसे. यंदा त्याचं डोकं फुटलेलं पाहून कामगार धास्तावले. म्हणाले, साहेब, मशीनची पूजा करूच. तो हो म्हणाला. सुमन नावाच्या बाईनं भुकटीची गाळणी धुतली, पदरानं कोरडी केली आणि कुंकू लावायला उन्हात ठेवली. पलीकडे स्पिरिटचे ड्रम... पत्रा उडून रस्त्यावर पडला. सुमनला मधुकरनं केसांना धरून बाहेर फेकलं आणि पुन्हा आत गेला. कामगार म्हणतात, ड्रमचा नळ बंद करायला. मी म्हणते, तयार गंधाची बाटली आणायला.

हात भाजलेली सुमन माझ्या पायावर पडली. मी म्हटलं, "ऊठ. ओलं हत्यार कोणी पुजते का? मी बी तेच करून राह्यलती."

तेरवीला देवराव आला, हात गळ्यात बांधलेला. ओसरीत खुंटीवर मधुकरचा कारखान्यातला शर्ट आहे. दोनदा धुतला, तरी रोज सकाळी त्यावर पतंग बसलेले असतात, सगळे नर. देवराव शर्टाजवळ गेला.

"रोज येतात?"

"रोज."

"अन् मादी नाही त्यात?"

"माणूस बी नाही."

तो खाली बसला. मग म्हणाला, "बाई, फ्रीजमध्ये काही हायेत का?" मी होती नव्हती ती बुचं त्याच्या चांगल्या हातात दिली. ती अर्ध्या शिवाराला पुरली. त्या वावरांतली बोंडं यंदा निरोगी फुटली. उरलेल्या अर्ध्या शिवाराला अळीनं खाल्लं. आता बनवणारा नाही.

लोक म्हणतात, शर्ट जाळून टाका. मी जाळत नाही. या घरचं जळालं तेवढं पुरे. सकाळी उठते, चप्पल घेते आणि शर्टावरचे पतंग खाली झटकून एकेक ठेचते. मग शर्ट पुन्हा खुंटीला लावते, उद्याचे यायचे असतात म्हणून.