भाऊ कधी आडवा गेला नाही

माझा धाकटा भाऊ, म्हणजे परदेशातल्या माझ्या नातवंडांचा भाऊआजोबा, गेल्या महिन्यात झोपेतच गेला. मुलांनो, एवढं तुम्हाला फोनवर कळलंच. शोकसभेत काय झालं ते मात्र मी तेव्हा सांगितलं नाही... राग आवरत नव्हता.

शुक्रवार पेठेतलं चादरींचं दुकान सांभाळून भाऊ दर रविवारी मोहोळजवळच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळवायचा. वय झाल्यावर नव्या पोरांना शिकवायचा. सभेत त्याच्या मोटारसायकल क्लबचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "भाऊंनी आयुष्यात कुणाला पुढं जाऊ दिलं न्हाय!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! आता त्याच्या नावाने शर्यत भरणार आहे आणि फलकावर हेच वाक्य येणार आहे.

हे साफ खोटं आहे. भाऊचा पहिला धडाच ओव्हरटेकचा असे. मागच्याने जागा असेल तरच पुढे घुसायचं आणि पुढच्याने आपली लाईन, म्हणजे धरलेली वाट, सोडून आडवं यायचं नाही, जबाबदारी दोघांची. एका शर्यतीत शेवटच्या वळणावर वैरागच्या एका पोराने त्याला मागे टाकलं. भाऊ जरासा आडवा गेला असता तर करंडक घरी आला असता आणि ते पोर दगडांवर आपटलं असतं. परतताना मित्रांनी टोमणा मारला, "काय भाऊ, पाव्हण्याला वाट दिली व्हय?"

"मी माझ्या लाईनीत हुतो, त्यो नीट गेला," भाऊ म्हणाला. "दोघंबी जेवायला घरी चाललोय की!"

मी अध्यक्षांना फोन केला. "आजी, बोलायची पद्धत असते हो ती. लोकांना लई आवडतं."

"उद्या ते वाचून एखादा दुसऱ्याच्या आडवा गेला आणि कुणी दगावलं, तर त्याच्या आईलाही पद्धतच सांगणार का?"

वाक्य काढलं नाही तर भाऊचं नाव वापरू देणार नाही, असं मी आणि त्याची बायको सुनंदा, दोघींनी कळवलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही...

परवा सुनंदाच्या स्कूटरवर मागे बसून बाजारात गेले. गाडी तिला भाऊनेच शिकवलेली. मागून एकजण हॉर्न वाजवत अंगावर आला. मी दचकून बाजूला कलले. ती तसूभर हलली नाही. वेग तोच, रस्त्यावरची जागा तीच. तो सुखरूप पुढे गेल्यावर मला म्हणाली, "अक्का, असं हलू नका. आपण कुटं असणार, ते मागच्याला कळाय पायजे की."