आईचं वाक्य, दिग्दर्शकाच्या नावावर

शोधनिबंधात चित्रपटाचा संदर्भ कसा द्यायचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आधी दिग्दर्शकाचं आडनाव, मग वर्ष, मग चित्रपटाचं नाव तिरप्या अक्षरात, मग निर्मिती संस्था. कुणाचं बोलणं उद्धृत केलं असेल तर ते कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला, तेही. बोलणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठेच लागत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

माझ्या बाबतीत ती बोलणारी बाई माझी आई आहे. धामणकर नाक्याजवळच्या एका कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात तिने वर्षानुवर्षं सुताच्या कांड्या भरल्या. मी एम.ए.ला असताना मुंबईहून माहितीपट करणारी मंडळी आमच्या घरी आली. मी आईच्या शेजारीच बसले होते. त्यांनी विचारलं, लूमच्या आवाजाचा त्रास होत नाही का? आई हसून म्हणाली, सवय झाली आता, काय वाटत नाही. बऱ्याच वेळाने विषय पाण्यावर गेला. आम्ही बौद्ध म्हणून कारखान्यात तिचा ग्लास वेगळा, खिडकीत ठेवलेला असायचा. एक दिवस तिने तो मुकादमाच्या देखत उचलून बाहेर टाकला आणि तेव्हापासून घरून बाटली न्यायला लागली. हे सांगताना तिचा आवाज चढला होता.

माहितीपटात ग्लास आहे, बाटली नाही. ग्लासाचं बोलणं संपतं आणि लगेच आई हसून म्हणते, सवय झाली आता, काय वाटत नाही. ते पाहिलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई चहा ठेवायला उठली.

पीएच.डी.साठी पहिला निबंध मी यावरच लिहिला आणि खरं काय घडलं ते तळटीपेत दिलं. मार्गदर्शक बाईंनी तळटीपेवर लाल रेघ मारली. चित्रपटात आहे तो पुरावा आणि घरात ऐकली ती आठवण, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मग आईची रीतसर मुलाखत घेते. जरूर घ्या, त्या म्हणाल्या, पण खाजगी मुलाखत संदर्भसूचीत येत नाही. दुसऱ्याला ती तपासता यायला हवी ना. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, हे कळून मला आणखीच चीड आली.

तरी त्या संध्याकाळी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून मी आईसमोर बसले. तिने फोन उचलला आणि पालथा ठेवला.

"आवाजाचं बोलले व्हते मी, पान्याचं न्हाय. तुला ठावं हाय ना? मंग मला परत कशाला बोलाया लावतेस?" मग ती म्हणाली, "तू ते वाक्यच काढून टाक."

मी काढलं. त्याच्याशिवाय निबंधात काही जीव उरला नाही, पण छापून आला.

आता मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. तो माहितीपट आमच्या अभ्यासक्रमाला आहे. संदर्भ कसे द्यायचे तेही मीच शिकवते आणि स्वल्पविरामासाठी पोरांचा जीव खाते. परवा काल्हेरची एक विद्यार्थिनी प्रकल्प घेऊन आली. अन्याय माणसाच्या अंगवळणी कसा पडतो, हा तिचा विषय. पहिल्याच पानावर आईचं वाक्य होतं आणि पुढे कंसात दिग्दर्शकाचं आडनाव, वर्ष, मिनिट, सेकंद. मी कितीतरी वेळ चूक शोधत राहिले. एखादा स्वल्पविराम तरी हुकला असेल, असं वाटत होतं.

"मॅडम, बरोबर आहे ना?" तिने विचारलं.

खिडकीतल्या ग्लासाचं पुढे काय झालं, ते माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तिने वही उघडून विचारलं असतं, मॅडम, याचा संदर्भ काय देऊ?

"बरोबर आहे," मी म्हटलं आणि तिला पैकीच्या पैकी गुण दिले.